तलावातली झाडं जगवा, मरळ राहील



मरळ कमी झाली, ही तक्रार दर मिटिंगला येते. तेलंगणाचा राज्य मासा तो, आणि आपल्याच जाळ्यात दिसेना. नुसतं बीज सोडून भागत नाही. मरळीला अंडी घालायला पाण्यात झाडोरा लागतो, अन् तो आपणच घाण म्हणून उपटून टाकला.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडच्या ढीवर मंडळींनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत काम केलं. तलावातली बेशरम काढली, उन्हाळ्यात कडक झालेला तळ नांगरला, पाऊस लागल्यावर गावठी पाणवनस्पती हातानं लावल्या. बायकाही उतरल्या चिखलात.

आपण एका कोपऱ्यापासून सुरू करू. हायड्रिलाची कांडी तोडून खोवली तरी जगते. लांब पट्टीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया मात्र मुळासकट लावा. मुख्य गोष्ट ऊन. ते तळापर्यंत पोचलं नाही तर झाड वाढत नाही, म्हणून काठाजवळ, गुडघाभर पाण्यात, मऊ गाळात लावायचं. म्हशी बसतात ती जागा नको. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, गवत्या तर झाडंच खातो. म्हणून बांबू अन् जाळ्याचं कुंपण हवंच. हायड्रिला मधल्या पाण्यात लावू नका, जाळं अडकेल. जलकुंभी तर आणूच नका, ती सगळं ऊन झाकते.

आधी घरी काचेच्या बरणीत गाळ टाकून लावून बघा. पाणी हिरवं झालं तर खत जास्त झालं समजा.

जुनी फाटकी जाळी सोसायटीत आणून द्या, कुंपणाला लागतील.