घरकुल: तयार पॅनेलचे की वाढत जाणारे?

प्रश्न: घरकुल मंजूर झाले आहे. जागा काळ्या मातीची. तयार पॅनेलचे घर स्वस्त पडते म्हणतात. पुढे दोन खोल्या वाढवायच्या आहेत. काय करावे?
– एक वाचक, वसमत तालुका

उत्तर: पॅनेलचे घर लवकर उभे राहते, हे खरे. स्वस्त पडेलच असे नाही. वाहतूक धरा, आणि पुढे दुरुस्तीला गावचा मिस्त्री उपयोगी पडेल का, तेही विचारा.

पंतप्रधान आवास योजनेचे १ लाख २० हजार किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी आहेत. तेवढेच आज बांधा, पण आराखडा पुढच्या दोन खोल्यांसह काढा. नव्या खोलीत जाण्याचे दार जिथे येईल तिथे लिंटेल आत्ताच टाकून खालचा भाग विटांनी बुजवा.

खरी अडचण पायाची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम वर असेल तर तिथपर्यंत खणा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घ्या. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केले. नवी खोली स्वतःच्या भिंतींवर, जुन्या घरापासून इंचभर फट ठेवून उभारा.

जोते, लिंटेल आणि छत या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा पट्टा हवाच. २०२४ च्या मार्च आणि जुलैचे भूकंपाचे धक्के तुम्ही अनुभवले असतीलच. मातीच्या छताचे माळवद गारवा देते, पण १९९३ च्या भूकंपात किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि त्या जड छतांखालीच माणसे दबली.

गारव्यासाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रूढ केलेली रॅट-ट्रॅप बाँडची भिंत बघा: आत पोकळी राहते, विटाही सुमारे पाव भाग वाचतात. गच्चीला दर उन्हाळ्यात चुना द्या आणि ओसरी पश्चिमेला काढा.