आत एक जण, बाहेर सगळं घर



वस्तीतल्या तपासणीत एक मावशी रांगेत सगळ्यांत शेवटी उभी होती. बीपी मोजला तर १९०/११०. गोळ्या घेता का, आम्ही विचारलं. "महिना झाला बंद आहेत." मुलगा भांडणाच्या केसमध्ये जेलमध्ये. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण तिथं जायचं तर मजुरी बुडते, आणि मजुरी आधीच मुलाकातीला आणि कोर्टाच्या तारखांना बुडालेली. पुढे म्हणाली, "तो आत कसा असेल, अन् मी इथं गोळ्या खात बसू?" लोक बघतात म्हणून विहारात वंदनेला येणंही तिने सोडलं होतं.

आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार जणांपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत. म्हणजे खटला चालू आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. पण वस्ती मात्र पहिल्याच दिवशी घराला शिक्षा देऊन मोकळी होते. त्याचा परिणाम शरीरावर होतो.

घरच्यांची तब्येत

काळजीने झोप जाते, बीपी आणि साखर वाढते. घरात बीपी, साखर, फिट यांची गोळी कुणाला चालू असेल तर ती एक दिवसही बंद करू नका. घरातली बाई स्वतःचं जेवण आधी तोडते. ती गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर आशाताईला लगेच सांगा. झोप येत नाही, सारखं रडू येतं, जगू नये असं वाटतं, असं कुणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही.

लहान मुलं अंथरूण ओलं करतात, पोट दुखतं म्हणतात, शाळा टाळतात. हा हट्ट नाही, भीती आहे. "बाबा गावाला गेलेत" असं खोटं सांगू नका. शाळेत कुणीतरी खरं सांगतंच. साध्या शब्दांत सांगा की बाबा जेलमध्ये आहेत, कोर्ट ठरवणार आहे, आणि यात तुझी काही चूक नाही.

आत असलेल्याची औषधं

टीबी, साखर, फिट, एचआयव्ही यांची औषधं मध्येच तुटली तर जिवावर बेततं. अर्धवट सोडलेला टीबी पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. म्हणून केसपेपरची झेरॉक्स काढा, अर्जासोबत तुरुंगाच्या डॉक्टरांसाठी द्या आणि पोच घ्या. एक प्रत वकिलाकडे द्या, म्हणजे तो कोर्टापुढे सांगू शकेल. सुटून आलेल्याला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. तुरुंगात गर्दी असते आणि टीबी गर्दीत पसरतो. ही तपासणी आणि औषधं फुकट आहेत.

वकील आणि पैसा

दागिने मोडण्याआधी हे वाचा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टातच असतं, फोन १५१००. पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने, त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नव्या कायद्याच्या कलम ४७९ खाली जामीन मागता येतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरही नाही. वकिलाला या कलमाबद्दल आठवणीने विचारा.

शिक्षा झालेल्या कैद्याच्या पत्नीला, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर, संजय गांधी निराधार योजनेत तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. मुलांसाठी बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा.

वस्तीने काय करायचं

तथागतांनी अंगुलिमालाला संघात घेतलं. मग जिने काहीच केलं नाही त्या आईला आपण विहाराबाहेर का ठेवतो?

कामं छोटी आहेत. मुलाकातीच्या दिवशी तिची पोरं सांभाळा. शिकलेल्या पोरांनी मोबाइलवर ई-मुलाकातीची नोंदणी करून द्यावी. दवाखान्यात जाल तेव्हा तिच्याही गोळ्यांचं विचारा. घरी जाल तेव्हा "काय केलं त्याने?" हे विचारू नका, "जेवलीस का?" हे विचारा.

त्या मावशीच्या गोळ्या आता महिला मंडळातल्या दोघी आळीपाळीने तिच्यासोबत जाऊन आणतात. मागच्या वेळी बीपी १४०/९० होता. मुलाची तारीख अजून चालूच आहे. पण रविवारी ती वंदनेला आली आणि पुढच्या रांगेत बसली.

तुमच्या वस्तीत असं घर कुठलं, ते तुम्हाला माहीत आहे. या रविवारी वंदनेला निघताना त्या दारावर थांबा आणि त्यांना सोबत घेऊन या.

नमो बुद्धाय, जयभीम.