भाताचा वास आणि वाघाची खूण

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटात शिरला की सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव लागते. भोवती सागाचे रान, कोरकूंची वस्ती, आणि १९७४ सालापासून व्याघ्रप्रकल्प. या रानात वाघ आपली हद्द आखतो ती झाडांच्या खोडांवर व झुडपांवर एका द्रवाची फवारणी करून. गंमत अशी, की या फवाऱ्याला सुवासिक तांदूळ शिजताना येतो तसाच वास येतो!

हा योगायोग नव्हे. सुवासिक भाताला वास कशामुळे येतो याचा शोध बटरी, ज्युलियानो वगैरे रसायनशास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केला. त्या द्रव्याचे नाव २-असेटिल-१-पायरोलीन. नाव पाठ करायची गरज नाही. मात्र त्याचा जोर लक्षात ठेवा. एक अब्ज भाग पाण्यात याचा एक दशांश भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. पुढे १९९० साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच द्रव्य वाघाच्या फवाऱ्यात असल्याचे दाखवून दिले. मोहाच्या फुलांतही ते सापडले. भंडारा-गोंदियाकडचा चिन्नोर, मावळचा आंबेमोहोर, उत्तरेचा बासमती आणि मेळघाटचा वाघ अशी ही सोयरीक आहे.

आता वाघाला रानात सोडू आणि आपण चुलीवरच्या पातेल्याकडे, म्हणजे वऱ्हाडात ज्याला गंज म्हणतात त्याकडे वळू. भात रटरटू लागला की सारे घर घमघमते. घरच्यांना आनंद होतो. पण विचार करा, घरभर पसरलेला हा वास आला कोठून? भातातूनच ना? म्हणजे जेवढा वास घरात आला, तेवढा ताटातला कमी झाला. हे द्रव्य चटकन उडून जाणारे आहे, आणि ते वाफेवर स्वार होऊन जाते.

वाफेबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे उष्णता. थोडे गणित करू. पाव किलो तांदूळ आणि अर्धा किलो पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायचे आहे. पाण्यासाठी ५०० × ७५ = ३७,५०० कॅलरी लागतील. तांदळाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण चार दशांश धरली, तर त्याला ७,५०० कॅलरी. एकूण ४५,०००. आता गंज उघडा ठेवून आपण भात ढणढण आचेवर शिजवला आणि २०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले असे समजा. (तेवढे पाणी आधी जास्त घालावे लागते, ते तापवण्याचा खर्च निराळाच.) एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी अप्रकट उष्मा लागतो. २०० × ५४० = १,०८,००० कॅलरी! भात तापवायला लागली त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता छपराकडे निघून गेली.

तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक दशांशच भांड्याला मिळते. एक किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे ४,००० किलोकॅलरी मिळतात, त्यांपैकी ४०० गंजात पोचल्या. त्या हिशेबाने ती वाफ करायला सुमारे २७० ग्रॅम लाकूड जळाले. दोन वेळचा स्वयंपाक धरला तर वर्षाला जवळजवळ दोन क्विंटल. वीस किलोची एक मोळी धरली तर दहा मोळ्या. सेमाडोहसारख्या गावात मोळी आणायची ती वाघाच्या रानातून, आणि ती बहुधा घरातल्या बाईच्या डोक्यावर येते. गॅसची टाकी आली तरी अशा गावांत चूल काही पुरती विझलेली नाही. तेव्हा हे गणित वहीतच राहू देण्यासारखे नाही.

बरे, भात शिजायला एवढ्या वाफेची गरज असते का? मुळीच नाही. तांदळातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात, यालाच आपण शिजणे म्हणतो. तांदळाच्या जातीप्रमाणे ही क्रिया साधारण ५५ ते ८० अंशांच्या दरम्यान घडते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच आहे; तेथे पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते, तरी तेथे भात होतोच, फक्त वेळ थोडा अधिक लागतो. ढणढणीत उकळीचे पाणी मंद उकळीच्या पाण्यापेक्षा अधिक गरम नसते. जाळ वाढवला की तापमान वाढत नाही, वाफ वाढते.

ओव्हनमध्ये भात चांगला का होतो, ते आता सहज कळेल. चुलीवर उष्णता फक्त खालून येते. तळ करपतो, वर कच्चे राहते, म्हणून आपण ढवळतो आणि शिते मोडतात. ओव्हनमधील १८० अंशांची हवा भांड्याला चहूबाजूंनी वेढते. हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने उष्णता सावकाश, सारखी पोचते. झाकण घट्ट असेल तर वाफ आत राहते आणि वासही बराचसा आतच राहतो.

आपल्याकडच्या गोळाभातावर हा प्रयोग करून पाहा. वाटीभर हरभरा डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, हिंग, मीठ आणि दोन मोठे चमचे गरम तेलाचे मोहन घालावे. पाण्याच्या हबक्याने भिजवून लिंबाएवढे गोळे वळावेत. जाड बुडाच्या भांड्यात पाव किलो धुतलेला तांदूळ व थोडे मीठ घालून त्यावर ५५० ग्रॅम उकळते पाणी ओतावे, झाकण लावून भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवावे. वीस मिनिटांनी गोळे भातावर अलगद मांडून पुन्हा वीस मिनिटे झाकावे. मग झाकण काढून आठ-दहा मिनिटे तसेच ठेवावे. आता पाणी आटल्यामुळे वरच्या थराचे तापमान १०० अंशांच्या वर चढते. गोळे तांबूस होतात आणि खमंग वास सुटतो. डाळीतील प्रथिने व शर्करा यांची ही प्रक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्ड यांनी १९१२ साली वर्णन केली. पाण्यात बुडालेल्या गोळ्यावर ती होत नाही. शेवटी हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी वरून द्यायची. मसाल्यातील बहुतेक सुवासिक द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात आणि तेल त्यांना लवकर उडू देत नाही. वाघाच्या फवाऱ्यातही चरबीसारखे पदार्थ असतात, ते वासाला असेच धरून ठेवतात. या बाबतीत आपली आजी आणि वाघ एका मताचे आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. चार माणसांच्या भातासाठी मोठा विजेचा ओव्हन तासभर तापवणे म्हणजे काटकसर नव्हे. आणि सेमाडोहला ओव्हन किती घरांत असणार? पण तत्त्व कळले की यंत्र अडत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजणाऱ्या वऱ्हाडाला चहूबाजूंच्या उष्णतेची ओळख नव्याने करून द्यायला नको. गंजावर खोलगट झाकण ठेवून त्यात थोडे निखारे टाकले आणि खाली मंद आर ठेवला, की झाला ओव्हन. (निखारे मोठ्या माणसांनी ठेवावेत.)

साध्या भातासाठी तर याहून स्वस्त उपाय आहे. भाताला उकळी आल्यावर पाच-सात मिनिटांनी झाकण न उघडता गंज उतरवावा आणि वाळलेले गवत व जुनी गोधडी ठासलेल्या पेटीत पुरता झाकून पाऊण तास ठेवावा. येथे पाणी आटत नाही, म्हणून ते चुलीवरच्यापेक्षा थोडे कमी घालावे. शाळेत दोन गट पाडा. एकाने उघड्या गंजात भात करावा, दुसऱ्याने पेटीत. लाकूड आधी व नंतर तोलावे, भातही तोलावा. पेटी उघडताना थर्मामीटरने तापमान पाहावे. ते ६० अंशांखाली गेले असेल तर भराव कमी पडला असे समजा. असा कोमट भात तासन्‌तास ठेवू नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, आणि कोमट भातात ते वाढून विष तयार करतात. पेटीतला भात गरम असतानाच खावा.

कोरकू शेतकरी तांदळाइतक्याच आपुलकीने कुटकी पिकवतात आणि ती भातासारखी शिजवून खातात. तिचा दाणा बारीक असल्याने उष्णता आतपर्यंत लवकर पोचते. पेटीतील कुटकीला पाणी किती आणि वेळ किती, याचा तक्ता मेळघाटातल्या शाळांनी तयार करावा. पहिल्या खेपेला दुप्पट पाण्याने सुरुवात करा आणि दर वेळी अर्धी वाटी वाढवून पाहा.