खासबागेचे कुस्ती मैदान

मंडळी, आपले पाचाड रायगडाच्या पायथ्याशी आहे. गड पाहायला दूरदूरची माणसे आपल्या दारावरून जातात. जिजाऊसाहेबांच्या समाधीपुढे हात जोडतात. आपण त्यांना वाट दाखवतो, तांब्याभर पाणी देतो. आता एकदा आपणही पाहुणे होऊ या. दुसऱ्या गावची एक नामांकित जागा पाहून येऊ या.

ही जागा म्हणजे कोल्हापूरचे खासबाग मैदान. आपल्यातले पुष्कळ लोक अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जातात. देवळापासून हे मैदान पायी जाण्याइतके जवळ आहे. पण दर्शन झाले की आपण थेट गाडी धरतो. पुढच्या वेळी तसे करू नका.

जायचे कसे?

पाचाडहून महाडला यावे. महाडहून पोलादपूर, तेथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. मग सातारा, कऱ्हाड आणि कोल्हापूर. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात. म्हणून निघण्याआधी रस्ता चालू आहे का, याची चौकशी करावी.

मैदान कसे झाले?

राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरचे छत्रपती होते. त्यांना कुस्तीचे फार वेड. ते स्वतः कसरत करीत, पैलवानांना पदरी ठेवीत. १९०२ साली ते विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी इटली देशातले रोम शहर पाहिले. तेथे एक फार जुने, गोल, दगडी क्रीडागृह आहे. त्याला कोलोसियम म्हणतात. ते इसवी सन ८० मध्ये, म्हणजे एकोणीसशे वर्षांहून आधी, बांधून झाले.

ते पाहून महाराजांच्या मनात आले, की आपल्या पैलवानांसाठीही असे मैदान पाहिजे. १९०७ साली काम सुरू झाले. १९१२ साली ते पुरे झाले. पहिल्या मोठ्या कुस्तीला गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आला होता. तेव्हापासून देशोदेशीचे मल्ल या मातीत उतरले.

आता त्याची बांधणी समजून घ्या. मध्यभागी गोल आखाडा आहे. त्याच्या भोवती बसायची जागा चढत चढत वर गेली आहे. आपल्या डोंगरउतारावर भाताची खाचरे कशी एकावर एक चढत जातात? तसेच समजा. सपाट जागी कुस्ती असली, तर पुढच्या चार रांगांना दिसते. मागचे लोक टाचा उंच करतात, कुणी झाडावर चढतात. येथे तसे नाही. सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही आखाडा नीट दिसतो. मधे खांब नाही, पुढच्याचे डोके आड येत नाही. हजारो माणसे एका वेळी कुस्ती पाहतात.

एक गोष्ट मात्र महाराजांनी रोमहून आणली नाही. रोमच्या त्या क्रीडागृहात माणसांना माणसांशी आणि जनावरांशी लढवीत. रक्त सांडे, जीव जाई, आणि लोक ते पाहून ओरडत. खासबागेत कुणाचा जीव घ्यायचा नसतो. पाठ मातीला लागली, की कुस्ती निकाली. जिंकणारा हरणाऱ्याला हात देतो. इमारतीचा आकार परक्याकडून घेतला, पण खेळाची रीत आपली ठेवली. चांगले घ्यावे आणि वाईट सोडावे, ते असे.

माती साधी नव्हे

आखाड्यातली माती तांबडी असते. ती चाळून घेतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असे पदार्थ घालतात. त्याने माती मऊ राहते, अंग खरचटत नाही. पैलवान आत उतरताना मातीला हात लावून तो कपाळाला लावतो. म्हणून पाहायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. चपला घालून आखाड्यात पाय टाकायचा नाही.

गोळेश्वरचा पैलवान

एखादा म्हातारबा म्हणेल, "अहो, मातीत लोळून पोट भरतं व्हय? पोरांनी शेत बघावं, नाहीतर नोकरी."

बाबा, तुमची काळजी खरी आहे. पण एक हकीकत ऐका.

कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. कोल्हापूरला जाताना ते वाटेवरच लागते. तेथे शेतकऱ्याच्या घरी खाशाबा जाधव जन्मले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकले. शिक्षण आणि कुस्ती दोन्ही त्यांनी बरोबर चालवली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा नंबर आला. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाचे खेळ. ते चार वर्षांनी एकदा होतात.

१९५२ साली हे खेळ फिनलंड देशात हेलसिंकी येथे होते. जायला पैसा नव्हता. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले, लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारतात एकट्याने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तसे दुसरे पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे गेली.

खाशाबा परत आले, तेव्हा लोकांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. आणि त्यांनी काय केले? कुस्त्यांचा फड लावला, पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

म्हातारबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. खेळाने प्रत्येकाचे पोट भरेल असे नाही. पण शाळा न सोडता खेळणारे पोर वाया जात नाही. त्याला शिस्त लागते, आणि उपकार फेडायची जाणीव येते. मात्र त्याच्या पाठीशी कुणीतरी उभे राहावे लागते.

बायांनो, हे तुमच्या लेकींसाठीही आहे. २०२३ साली सांगलीत मुलींसाठी महाराष्ट्र केसरी कुस्ती झाली. प्रतीक्षा बागडी ही पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली. गडाच्या पायऱ्या ओझे घेऊन चढणाऱ्या आपल्या मुलींच्या पायांत काय कमी बळ आहे?

पाठीला पाठ लावून दोन शेजारी

मैदानाला लागून एक नाट्यगृह आहे. तेही शाहू महाराजांनीच बांधवले. १९१५ साली ते सुरू झाले. कुस्ती पाहणाऱ्याने नाटकही पाहावे, गाणेही ऐकावे, अशी ही जोडी आहे. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले. केशवराव हे कोल्हापूरचे मोठे गायक नट होते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला मोठी आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर आणि रंगमंच जळून गेला. साऱ्या कोल्हापूरने हळहळ केली. नंतर ते पुन्हा बांधायचे काम हाती घेण्यात आले. शंभरावर वर्षे उभी असलेली वास्तू जळायला एक रात्र पुरली. आपल्याला वणवा ठाऊक आहे. जे सगळ्यांचे असते, त्याची राखण एकावर सोडून चालत नाही.

पाहुण्याची रीत

गडावर कुणी कागद, बाटल्या टाकल्या, भिंतीवर नाव कोरले, तर आपल्याला राग येतो. मग आपण पाहुणे असताना तसेच वागावे. राखणदाराला विचारून आत जावे. कुस्ती चालू असेल तर जागेवर बसून पाहावे. हरलेल्याला हसू नये. नुसते मैदान पाहायचे असेल, तर सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन बसा. तेथून आखाडा कसा दिसतो, ते पाहा. मागे बसलेल्या माणसाची आठवण ठेवून बांधलेली जागा कशी असते, ते तुम्हाला न सांगता कळेल.

सांगा पाहू

१. मागच्या रांगेतल्या माणसाला आखाडा का दिसतो?
२. शाहू महाराजांनी रोमहून काय घेतले आणि काय सोडले?
३. खाशाबांच्या प्रवासाला पैसे कोणी कोणी दिले?
४. आपल्या गावात मुलामुलींना खेळायला जागा कोठे आहे? तिची राखण कोण करतो? चारचौघांत बसून बोला आणि दोन ओळी लिहून काढा.