लहान मुलांचे खाजवणे व खपल्या काढणे

पहिलीतील एखादी मुलगी दीड-दोन वर्षांच्या धाकट्या भावास कडेवर घेऊन शाळेत येते, त्यास शेजारी बसविते आणि पाटीवर अक्षरे गिरवू लागते, हे दृश्य ग्रामीण भागातील शिक्षकांस अपरिचित नाही. सुगीच्या दिवसांत आईबाप पहाटेच शेतावर गेलेले असतात. तो बालक मात्र स्वस्थ बसत नाही. बोटांच्या बेचक्यांत नखे घालून खाजवितो, पोटावरची खपली सोलतो, रक्त आले की रडतो. बहीण त्याच्या हातावर चापट मारते. चापटीने हात क्षणभर थांबतो. खाज थांबत नाही.

दोन वर्षांचे मूल खाजविते ते खोडीने नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नखाच्या ओरखड्याने जी किंचित वेदना होते, तिच्यामुळे खाजेची जाणीव काही क्षण दबते व मुलास बरे वाटते. परंतु त्याच ओरखड्याने त्वचा दुखावते, तेथे दाह होतो आणि खाज पूर्वीपेक्षा वाढते. असे हे चक्र आहे. ‘खाजवू नकोस’ एवढ्या आज्ञेने ते तुटत नाही. मोठ्या माणसासही ते साधत नाही, मग बालकाची काय कथा! म्हणून खाजेचे कारण शोधणे हे पहिले काम होय.

कारणे पुष्कळ आहेत. थंडीत कोरडी पडणारी त्वचा, घामोळे, डासांचे व पिसवांचे दंश, गजकर्ण, इसब. परंतु जेथे एका गोधडीत तीन-चार भावंडे निजतात, तेथे शिक्षकाने खरजेचा संशय आधी घ्यावा. खरूज रक्त बिघडल्याने होते, ही समजूत अद्यापि ऐकू येते. वस्तुतः इटलीतील बोनोमो या वैद्याने 1687 मध्येच या रोगाचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन केले होते. किड्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती त्वचेच्या वरच्या थरात बीळ कोरते व रोज दोन-तीन अंडी घालते. प्रथमच लागण झालेल्यास चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. या अवधीत तो इतरांस मात्र रोग देत असतो. घरातील एकाच मुलास औषध लावल्याने खरूज का हटत नाही, याचे उत्तर येथे आहे.

ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवतीची जागा व ढुंगण येथे पुरळ दिसतो. अगदी लहान मुलांत तळहात, तळपाय, चेहरा व डोकेही सुटत नाही. घरात आणखी कोणी खाजवीत आहे काय, हा प्रश्न आईस अवश्य विचारावा. उत्तर बहुधा ‘हो, गुरुजी, आम्ही सगळीच’ असे येते.

औषध देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आशा सेविकेस कळवावे. 2013 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत व अंगणवाडीत येते, त्यास अशी मुले नेमकी दाखवावीत. पण पथकाची वाट पाहत खरूज अंगावर राहू देऊ नये. डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचे मलम देतात. ते रात्री लावून आठ ते चौदा तासांनी धुवावयाचे असते, आणि आठवड्याभराने पुन्हा लावावयाचे असते. दोन महिन्यांहून लहान तान्ह्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना मुळीच लावू नये. खाज नसली तरी घरातील सर्वांनी एकाच रात्री मलम लावणे अगत्याचे आहे. त्याच वेळी कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. धुता न येणारी गोधडी चार दिवस पिशवीत बांधून ठेवावी; माणसाच्या अंगापासून दूर हा किडा दोन-तीन दिवसांहून अधिक सहसा जगत नाही.

दुकानातून विचारून आणलेल्या मलमांबाबत पालकांस विशेष सावध करावे. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत शमते आणि रोग आत पसरत राहतो. रॉकेल किंवा यंत्राचे जळके तेल चोळण्याचा प्रकार तर सर्वथा बंद झाला पाहिजे; त्याने कोवळी त्वचा भाजते.

आता हातांविषयी. नखे आठवड्यातून एकदा कापावीत. शाळेत एकच नखकातरी सर्वांस वापरली जात असेल, तर ती प्रत्येक वेळी साबणाने धुवावी. रात्री मुलास सैल सुती, पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा. हातांवर स्वच्छ जुने पायमोजे चढविता येतात, मात्र ते दोऱ्याने आवळू नयेत व त्यांतील सुटे धागे कापून टाकावेत, कारण ते बोटास गुंडाळले जातात. खाज सुटताच थंड ओल्या फडक्याने जागा दाबून धरावी. कोरड्या त्वचेस अंघोळीनंतर लगेच खोबरेल तेल लावावे. दिवसा हातांस काम द्यावे: मातीचे गोळे, मोठी लाकडी ठोकळी, पाण्याचा तांब्या. चिंचोके व मणी दोन वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नयेत. ते घशात अडकतात. काही मुले खाज गेल्यावरही केवळ सवयीने खपली काढतात, विशेषतः कंटाळलेली किंवा झोपेस आलेली. तेथे खपली स्वच्छ फडक्याने झाकावी, हात दुसरीकडे वळवावा आणि त्याचा गवगवा करू नये. रागावण्याने मुलाचे लक्ष पुन्हा तेथेच जाते.

खरजेच्या फोडांत पू झाला, मधाच्या रंगाची खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पू करणाऱ्या काही जंतूंमुळे पुढे दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडास सूज येऊ शकते. सकाळी चेहरा व पापण्या सुजलेल्या, लघवी कमी व चहासारखी तांबूस, हे दिसल्यास एक दिवसही दवडू नये.

वर्गात अशा मुलास ‘खरजुल्या’ म्हणून हाक मारली जाते व त्यास कोपऱ्यात बसविले जाते. काही ठिकाणी, खेदाने म्हणावे लागते, ही जागा शिक्षकच दाखवितात. मग ते मूल शाळेत येईनासे होते आणि आई रोग लपविते. म्हणजे तपासणीच्या दिवशी तो आढळतही नाही. वास्तविक पहिले मलम लावून धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल शाळेत बसू शकते. उपचार यशस्वी झाल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकते, हे आईस आधीच सांगून ठेवावे. नाहीतर औषध लागू पडले नाही असे समजून ती रोज मलम चोळते, किंवा पुन्हा जळक्या तेलाकडे वळते.