स्टेअरिंग सोडलं, हँडल धरलं

एसटीत माझी बरीचशी नोकरी स्वारगेट–कोल्हापूर मार्गावर झाली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. गुडघे चालू देईनात, म्हणून सायकल घेतली. घर पाचवडजवळ. सायकल बाहेर काढली की थोड्याच वेळात तोच महामार्ग लागतो. फरक इतकाच की आता मी खाली असतो आणि ट्रक वर. सायकलवाल्यांना उपदेश करणारे गल्लोगल्ली भेटतात. माझं बोलणं जास्त करून ड्रायव्हर मंडळींशी आहे, कारण या रस्त्यावर सायकलवाल्याच्या हातात फार थोडं असतं.

१. "दिसलाच नाही हो." अपघातानंतर हे वाक्य मी धाब्यावर ऐकलंय, डेपोत ऐकलंय, पोलीस चौकीच्या बाकावर ऐकलंय. बहुतेक वेळा बोलणारा खोटं बोलत नसतो. पण जरा हिशेब करा. रात्री डिपरवर चालवताना काळ्या कपड्यातला, बिनदिव्याचा सायकलवाला साधारण ४० मीटरवर आला की नजरेत भरतो. गाडी ताशी ८० ने, सायकल १८ ने, म्हणजे दर सेकंदाला अंतर १७ मीटरने कमी होतंय. बघून, समजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. त्यात २५ मीटर संपले. पुढे ब्रेक उत्तम लागले तरी सायकलच्या वेगापर्यंत उतरायला आणखी २५-३० मीटर लागतात. गणित जुळत नाही, माणूस मरतो. तीच गाडी ६० ने असती, तर सगळं मिळून ३०-३२ मीटरांत भागलं असतं आणि सायकलवाल्याला मागे काय झालं हे कळलंही नसतं. म्हणजे "दिसलाच नाही" म्हणणारा ड्रायव्हर एवढंच सांगतो की दिव्याच्या उजेडात थांबता येईल त्या वेगात तो नव्हता. भरलेल्या ट्रकचा हिशेब याहून वाईट आहे.

२. क्लीनर साइडचा पुढचा कोपरा आंधळा असतो. केबिन उंच, ड्रायव्हर उजवीकडे. डाव्या दाराला लागून सायकल उभी असेल, तर काचेच्या खालच्या कडेखाली ती पुरती बुडते. आरसा मागचं दाखवतो, बुडाखालचं दाखवत नाही. त्यात लांब गाडी डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आत कापत येतात. फाट्यावर ट्रक हळू झाला म्हणून त्याच्या डावीकडून सायकल पुढे काढणं हा जीवघेणा प्रकार आहे. मागेच थांबा. आणि क्लीनर असेल तर त्याला वळणावर खाली बघायला लावा. तो तंबाखू मळायला बसवलेला नसतो.

३. आता जे सांगतोय ते कुठल्या लायसनच्या परीक्षेत विचारत नाहीत. सायकलवाल्याकडे बघू नका, सायकलवाल्याच्या पुढे काय आहे ते बघा.

गाडीवाल्यांची कायमची तक्रार असते की एवढी साइडपट्टी मोकळी पडलीय, मग हा पांढऱ्या रेषेवरून का चालवतो? एकदा सायकलवरून त्या साइडपट्टीवर या. फुटलेल्या टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात. त्यातून निघालेल्या बारीक तारा सायकलच्या टायरात सुईसारख्या घुसतात. काचा, खडी, सांडलेली वाळू. मध्येच डांबर संपून बोटभर खोल उतार. पंक्चर झालेला ट्रक, मागे त्रिकोण नाही, फांदी नाही, चाकाला लावलेले दगड तेवढे दिसतात. वडाप जीपची वाट बघणारी माणसं. आणि समोरून उलटे येणारे मोटारसायकलवाले, तेही बुंगाट.

त्यामुळे सायकलवाला पट्टीवर असला तरी तो तिथे राहणार नाही, हे धरूनच चालायचं. त्याच्या पुढे शे-दीडशे मीटरवर उभा ट्रक दिसला की समजायचं, हा आता बाहेर येणार. त्याची लक्षणंही असतात. आधी पायडल थांबतात. मग मान उजवीकडे वळते. मान वळली की हँडलही नकळत तिकडेच थोडं सरकतं, आणि पुढच्या क्षणाला सायकल तुमच्या लेनमध्ये असते. नवशिक्याची मान वळतच नाही, तो सरळ येतो. जुना ड्रायव्हर हे सगळं लांबून वाचतो, पाय आधीच उचलतो, आरशात बघून मधल्या लेनला जातो. प्रवाशाला काही जाणवतही नाही. नव्या पोरांना मी हेच सांगायचो की ब्रेक दाबावा लागला म्हणजे तू उशिरा बघितलंस.

४. साइड घेताना पूर्ण लेन सोडा. पुणे–सातारा रस्त्याला एका बाजूला तीन लेन आहेत, मधल्या लेनला जायला दमडी लागत नाही. तरी सायकलला चाटून जाण्यात काहींना मर्दुमकी वाटते. वेगातला ट्रक जवळून जातो तेव्हा त्याच्या तोंडाशी दाबलेली हवा आधी सायकलला बाहेर ढकलते. सायकलवाला सावरायला उजवीकडे झुकतो, आणि हौद्याची शेपटी पुढे गेली की तीच हवा त्याला आत ओढते. झुकलेला माणूस आणखी आत येतो. ट्रकमागे दुसरी गाडी चिकटून असेल तर पुढचं सांगायला नको. जर्मनीत २०२० पासून नियमात आकडाच घातलाय: गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर. आपल्याकडे दोन मीटर कोण टेपने मोजणार? म्हणून मी लेनचा नियम सांगतो. मधली लेन मोकळी नसेल तर सायकलच्या मागे थांबा. दहा-पंधरा सेकंदांत कोणाचा मुहूर्त टळत नाही.

५. हॉर्न लांबून, आखूड, एकदाच. पाठीशी येऊन प्रेशर हॉर्न दाबला की माणूस दचकतो आणि दचकलेली सायकल कुठेही जाते. तसल्या हॉर्नला तशीही बंदी आहे.

६. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत भुईंजपासून कराडपर्यंत रस्त्याचं रूपच बदलतं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. असली तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेली पट्टी. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते, फोटो छापून येतो, आणि महिनाभरात त्या पट्ट्या चिखलाने काळ्या होतात. ही ट्रॉली चढाला सायकलपेक्षाही हळू असते, त्यामुळे सायकलवाला तिला ओलांडायला जातो. ओलांडताना तो थेट दुसऱ्या लेनमध्ये असतो आणि मागून येणाऱ्याला फक्त उसाचा ढीग दिसतो. म्हणून उसाची ट्रॉली दिसली की तिच्या उजव्या अंगाला कोणीतरी आहेच, असं समजून वेग उतरवा. सायकलवाल्यांना सांगणं एवढंच की चढावर थोडं थांबा, खाली उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. कारखान्यांना मात्र सांगायचंय: काट्यावर वजन करता तसा मागचा दिवाही तपासा. दिवा नाही तर गव्हाणीकडे ट्रॉली सोडायची नाही. एका आठवड्यात सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लागतील.

७. पुण्याची सायकलवाली मंडळी शनिवार-रविवारी पहाटे पाचला निघतात, रहदारी कमी म्हणून. रहदारी कमी असते हे खरं, पण रात्रभर स्टेअरिंगवर असलेल्या माणसाची झोप त्याच वेळेला अनावर होते. डोळे उघडे, मेंदू बंद. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. खेपेवर पैसे घेणाऱ्या ट्रकवाल्याला हे वाचून दाखवा, तो हसेल. त्याला हाकणाऱ्या मालकाला आणि "सकाळी सातला माल पोचला पाहिजे" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला अपघातानंतर कोणी काही विचारत नाही, ही माझी जुनी खंत आहे. सायकलवाल्यांनो, तास-दीड तास उशिरा निघा, उजाडू द्या. आणि खंबाटकीच्या बोगद्यात शिरण्याआधी दिवसाढवळ्याही मागचा लाल दिवा लावा. उन्हातून बोगद्यात आल्यावर ड्रायव्हरचे डोळे जुळायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी बरंच अंतर तोडते. बोगद्यापलीकडे उतार आणि वाकडंतिकडं वळण आहे. तिथे काय काय होतं ते जवळच्या खंडाळ्यातल्या कोणालाही विचारा.

८. उतारावर न्यूट्रल मारू नका. डिझेल वाचतं म्हणतात, पण गाडी आवरत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या नवले पुलाजवळ एकाच अवजड गाडीने कितीतरी वाहनं ठोकरली, त्या बातम्या आठवत असतील. अशा उताराच्या तळाला सायकलवाला असला, तर त्याने काय नियम पाळले होते याला काही अर्थ उरत नाही.

९. सायकलवाले उलट्या बाजूने येतात, खरं आहे, आणि ते चूकच आहे. पण महामार्ग रुंद झाला तेव्हा गावं मधोमध चिरली गेली. घर इकडे, रान तिकडे. पलीकडे जायचा भुयारी रस्ता दूर, तोही पावसाळ्यात तुंबलेला. सर्व्हिस रोड मध्येच गायब. दुधाची किटली अडकवलेला म्हातारा एवढा फेरा मारणार नाही. त्याला दंड करून हा प्रश्न सुटायचा नाही, तो रस्ता आखणाऱ्यांनी सोडवायचा आहे.

१०. सायकलवाला म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यांपुढे हेल्मेट, चकचकीत जर्सी, महागडी सायकल येते. या मंडळींबद्दल मला आदर आहे. त्यांच्या बीआरएम नावाच्या राइड असतात, जसं ६०० किलोमीटर ४० तासांत. त्यात रात्री पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं असतं. नसेल तर बाद. शिस्त शिकावी तर यांच्याकडून. पण शिरवळच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी करून रात्री परतणारा, कॅरिअरला डबा बांधलेला कामगार? त्याला ना जाकीट, ना दिवा. तो गेला की पेपरात दोन ओळी येतात, "अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार".

त्याच्यासाठी स्वस्त आणि खात्रीचा उपाय सांगतो: पायडलच्या मागच्या कडेला रिफ्लेक्टरची पट्टी. मडगार्डवरचा लाल ठिपका ड्रायव्हरला कशाचाही वाटू शकतो, पण वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की झोपेतला माणूसही ओळखतो, सायकल आहे. कारखान्यांनी बूट देतात तसं हे गेटवर लावून द्यावं, सोबत मागचा दिवा द्यावा. सुरक्षा सप्ताहाच्या बॅनरपेक्षा कमी खर्च येईल.

११. धडक झालीच तर थांबा. जमाव मारेल ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही. जीव धोक्यात असेल तर पुढच्या पोलीस चौकीत जाऊन गाडी लावा, पण पळून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे. बघणाऱ्यांनीही घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १३४ अ मुळे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृताच्या घरच्यांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत करायचा. कामगारांच्या वस्तीत हे कोणालाच माहीत नसतं. तुम्ही वाचलंय, तर सांगा.

रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. दोन्ही नंबर मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा.