‘दूध पुरत नाही’ : स्तनपानाविषयीचे गैरसमज आणि त्यांची उकल



मेळघाट असो, सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याचा भाग असो की जव्हार-मोखाड्याचे पाडे असोत, पावसाळा हा तान्ह्या बाळांसाठी वर्षातला सर्वांत कठीण काळ असतो. ओढे भरून वाहतात, वाट बंद होते, पिण्याचे पाणी गढूळ होते. अशा दिवसांत सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर दवाखाना गाठेपर्यंत उशीर होऊ शकतो. या वयाच्या बाळासाठी सर्वांत भरवशाचे संरक्षण घरातच असते आणि त्याला पैसा लागत नाही. ते म्हणजे आईचे दूध. तरीही ते प्रत्येक बाळाला पुरते मिळत नाही, आणि त्यामागे दुधाच्या कमतरतेपेक्षा गैरसमज अधिक असतात. या वेळच्या पाठात आपण त्यांचा विचार करू.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे गैरसमज केवळ डोंगरातल्या पाड्यांवर आहेत असे कोणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात शंभरातली सुमारे ८९ बाळंतपणे रुग्णालयात होतात, पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे शंभरात फक्त ४२ आहेत. म्हणजे बाळंतपण दवाखान्यात पोहोचले, पण योग्य सल्ला सगळीकडे पोहोचला नाही. उलट पाड्यावरची आई बाळाला पाठीशी बांधून कामाला नेते, रात्री कुशीत घेते, दोन-दोन वर्षे अंगावर पाजते. या चांगल्या रीतींना धक्का न लावता चुकीचे तेवढे सोडायचे आहे.

दूध कसे येते?

गैरसमज दूर करण्याआधी दूध येण्याची रीत समजून घ्यावी. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूला निरोप जातो. त्यातून दोन कामे होतात. एक, नवे दूध तयार होते. दोन, तयार झालेले दूध वाहू लागते, म्हणजेच पान्हा फुटतो. जितके बाळ चोखेल आणि जितका स्तन रिकामा होईल, तितके दूध बनते. चोखणे कमी झाले की शरीर समजते, आता गरज कमी आहे, आणि दूध आटू लागते.

ज्या घरात गुरे आहेत त्या घराला हे वेगळे सांगावे लागत नाही. घाबरलेली किंवा मारलेली गाय पान्हा चोरते, आणि रोज पूर्ण न पिळलेली गाय आटते. बाईच्या शरीराचीही रीत अशीच आहे. तिला दुखत असेल, ती घाबरलेली असेल किंवा घरचे टोमणे मारत असतील, तर दूध असूनही पान्हा अडतो.

आता नेहमी घडते ते पाहू. बाळ रडते. कोणीतरी म्हणते, ‘हिला दूध पुरत नाही.’ मग बाळाला गुळाचे पाणी, गुटी किंवा बाटलीतले दूध दिले जाते. पोट भरलेले बाळ झोपते आणि अंगावर पीत नाही. चोखणे कमी होते, दूध खरोखरच कमी होते आणि तीन-चार दिवसांत ते बोल खरे ठरतात. आधी भीती आली आणि तिच्यावरच्या उपायाने दूध कमी झाले. पुढचे बहुतेक गैरसमज याच साखळीतले दुवे आहेत.

गैरसमज १ : पहिले पिवळे दूध खराब असते, ते पिळून टाकावे.

हे चिकाचे दूध आहे. ते दाट, पिवळसर आणि थोडेच असते. त्यात रोगाशी लढणारी द्रव्ये आणि ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असते, म्हणून त्याला बाळाचे पहिले लसीकरण म्हणतात. थोडे असते हेही बरोबरच आहे, कारण पहिल्या दिवशी बाळाचे पोट एका वेळी चमचाभर दुधानेच भरते. गाय व्याली की आपण खरवसाची वाट पाहतो, पण वासराला आधी चीक पाजल्याशिवाय तो काढत नाही. वासराचा हा हक्क आपण मानतो, मग आपल्या बाळाचा का मानू नये?

जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला आईच्या उघड्या छातीवर द्यावे. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असले तरी आई शुद्धीवर असेल तर कोणाच्या तरी मदतीने पाजता येते. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात. तोवर चीक पुरतो.

गैरसमज २ : दूध उतरेपर्यंत मध, गूळपाणी किंवा गुटी चाटवावी.

मधात असे जिवाणू असू शकतात जे वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर आजार देतात, म्हणून वर्षापर्यंत मध देऊच नये. गूळपाण्यातून आणि उगाळलेल्या गुटीतून पाण्यातली, हातावरची, सहाणेवरची घाण पोटात जाते. शिवाय बाळाची चोखण्याची भूक मरते. डॉक्टरांनी दिलेले औषध, थेंब किंवा क्षार-संजीवनी तेवढी चालते.

गैरसमज ३ : उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजायलाच हवे.

आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८८ भाग पाणीच असते. चैत्र-वैशाखातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. बाळाला तहान लागली की ते पुन्हा अंगावर घ्यावे. पाणी आईने प्यावे.

गैरसमज ४ : बाळ रडते म्हणजे दूध पुरत नाही. छाती लहान म्हणजे दूध कमी.

रडण्याची कारणे अनेक असतात : ओले झालेले दुपटे, गारठा, ऊब हवी असणे, पोटात वात धरणे. छातीच्या आकाराचाही दुधाशी संबंध नाही. दूध पुरते की नाही हे पाहण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. पहिला आठवडा सरला की बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते का? लघवी फिकट आहे का? पिताना घोट घेतल्याचे दिसते का? आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे वजन. जन्मानंतर वजन थोडे घटते, ते दोन आठवड्यांत भरून यावे आणि पुढे वाढत राहावे. म्हणून अंदाज न बांधता अंगणवाडीच्या काट्यावर वजन करावे.

दूध कमी वाटत असेल तर उपाय एकच : अधिक वेळा पाजणे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीही पाजावे. बाळाची पकडही पाहावी. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली आणि नुसते बोंड न धरता भोवतीचा काळा भागही तोंडात असावा. पकड चुकली की बोंडांना चिरा पडतात, आई पाजायला घाबरते आणि साखळी पुन्हा सुरू होते.

गैरसमज ५ : उन्हातून किंवा कामावरून आल्यावर छातीतले दूध बिघडलेले असते.

छातीत साठलेले दूध नासत नाही आणि उन्हाने तापतही नाही. ते पिळून फेकू नये. हात धुऊन, दोन घोट पाणी पिऊन आईने सरळ पाजायला बसावे.

वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या आयांपुढे खरी अडचण वेगळी असते. बाळ झोपडीत आणि आई कामावर, असे तासन्‌तास जातात. अशा वेळी आईने हाताने दूध काढून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या भांड्यात झाकून सावलीत ठेवावे. चार तासांच्या आत ते वाटी-चमच्याने पाजता येते. बाटली नको. बोंडलेही नको, कारण त्याची चोच आतून नीट स्वच्छ होत नाही. मुकादमाशी बोलून बाळ कामाच्या जागेजवळ, सावलीत ठेवण्याची सोय करता आली तर ते सर्वांत उत्तम. यात कार्यकर्त्यांनी शब्द टाकावा.

गैरसमज ६ : आई आजारी असेल तर पाजू नये.

सर्दी, ताप, जुलाब, हिवताप यांत आईने पाजणे थांबवू नये. आजाराशी लढणारी द्रव्ये तिच्या दुधातून बाळालाही मिळतात. क्षयरोग, एचआयव्ही किंवा कायमची औषधे चालू असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पण त्यांना विचारल्याशिवाय मनाने दूध तोडू नये. बाळाला जुलाब लागले तरी अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

गैरसमज ७ : बाळंतिणीला कमी खायला द्यावे.

कुठे पाणी तोडतात, कुठे डाळ, भाजी, अंडी वर्ज्य करतात. पाजणाऱ्या आईला तर पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे साधारण एक जेवण जास्त. भाकरी, डाळ, नाचणी, रानभाज्या, अळीव, शेंगदाणे, मिळतील तेव्हा अंडी-मासळी, हे सगळे चालते. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो. तो आईच्याच पोटात जातो ना, हे सासूबाईंनी पाहावे.

गैरसमज ८ : दूध भरपूर आहे, मग वर्षभर दुसरे काही नको.

हा गैरसमज उलट्या बाजूचा आहे. सहा महिने पूर्ण झाले की केवळ दूध पुरत नाही. तेव्हा मऊ भात-वरण, नाचणीची खीर, कुस्करलेली भाजी, तेल-तुपाचा थेंब घालून भरवायला सुरुवात करावी. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. पुष्कळ मुलांचे वजन नेमके याच वयात मागे पडते.

थांबू नये अशी वेळ

बाळ चोखत नसेल, मलूल असेल, अंग फार गार किंवा गरम लागत असेल, श्वास जोरात चालत असेल, झटके येत असतील, किंवा हात-पायांचे तळवे पिवळे पडले असतील, तर ‘दूध लागेना’ म्हणून घरी उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि दवाखाना गाठावा. कमी वजनाच्या बाळाला चोखण्याची ताकद नसेल तर काढलेले दूध चमच्याने द्यावे आणि त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवावे. अशा बाळाला आईच्या दुधाची गरज सर्वांत जास्त असते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती अशाच बाळांसाठी.

आपण काय करावे?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. त्या कामाचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. यातली तिसऱ्या दिवसाची भेट फार मोलाची. दूध नुकते उतरत असते, छाती दाटते, बाळ रडते आणि ‘पुरत नाही’ हा शब्द त्याच दिवशी घरात शिरतो.

त्या भेटीत नुसत्या सुनेशी बोलून भागत नाही. गुटी उगाळणारे हात आजीचे असतात, आणि तिच्या मनात नातवाची काळजीच असते. तिला ‘तुमचे चुकले’ म्हणू नये. ‘आजी, तुम्ही बाळाला छातीशी नीट धरून द्या, आणि हिला दोन घास जास्त वाढा,’ असे काम तिच्या हाती द्यावे. नवऱ्याला सांगावे की पहिले काही आठवडे पाणी भरणे आणि सरपण आणणे त्याचे. आईला विसावा मिळाला की पान्हा आपोआप फुटतो.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यावर बाळाच्या तोंडात पहिली कोणती वस्तू जाते? ती कोण देते?
२. ‘दूध पुरत नाही’ असे म्हणणाऱ्या घरी गेल्यावर आपण प्रथम काय पाहाल?
३. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या आयांची यादी दिवाळीआधी कशी तयार करता येईल?
४. बाळंतिणीच्या पथ्यातल्या कोणत्या गोष्टी चांगल्या आहेत आणि कोणत्या सोडाव्यात?

१ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या आठवड्यात हा पाठ आयांच्या बैठकीत मोठ्याने वाचावा आणि त्या बैठकीला आजींना आवर्जून बोलवावे.